खालचे दोन दात

त्या साली आमच्या गावात माणूस मेलं की पानाचा भाव वाढायचा. ऐकायला कसंसंच वाटतं ना? मला लिहितानाही वाटतंय. पण खरं ते खरं, आणि आता कुणाची भीड धरावी असं माझं वय राहिलेलं नाही.

पान म्हणजे विड्याचं पान. माझं सासर हिंगोलीहून औंढ्याकडं जाताना आत वळून लागतं. सखल जमीन, गोड्या पाण्याच्या विहिरी, त्यामुळं गावात पाच-सहा पानमळे होते. कापूस, ज्वारी सगळीकडंच पिकतात, त्यांचं कुणाला कौतुक नाही. पण ज्याच्याकडं पानमळा, तो माणूस गावात जरा मान वर करूनच चालायचा. शेवग्या-शेवरीच्या सावलीत वेल चढवलेले, रोज मोटेचं पाणी, आत शिरलं की उन्हाळ्यातसुद्धा अंगाला गार लागायचं.

आणि मळ्याचं सोवळं? देवळाचं परवडलं! आत चप्पल घालून जायचं नाही. अडचणीतल्या बाईनं मळ्याच्या कुडाजवळूनसुद्धा जायचं नाही. आणि ज्या घरात मयत झालं, त्या घरचा मळा सुतक फिटेपर्यंत बंद. परक्या गड्यानं मोट हाकायची तेवढी, पण पानाला कुणी हात लावायचा नाही. लावलाच चोरून, तर हिंगोलीचे व्यापारी तो माल घ्यायचे नाहीत. पान देवाच्या विड्यात जातं, सुतकाचं पान कोण घेईल? आणि पान काही थांबत नाही. वेळेत खुडलं नाही तर जून होतं, पिवळं पडतं, गळून जातं.

मी सांगते ती गोष्ट रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या दोन-तीन सालं आधीची. चैत्र होता. पटकीची साथ आली. कुणी म्हणे यात्रेतून आली, कुणी म्हणे पूर्णेच्या पाण्यातून आली. कुठूनही येईना मेली, आली ती गल्लीगल्लीनं फिरली. सकाळी हगवण-उलटी, दिवस मावळायच्या आत माणूस गार.

आता भावाचं गणित बघा. साथ आली की गावोगाव देवीला विडे मांडायचे. शिवाय लोकांची समजूत अशी की तोंडात पान असलं की रोग आत शिरत नाही. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. इकडं गावात एकेका घरात मयत होत होतं आणि एकेक मळा सुतकानं बंद पडत होता. माल घटला. हिंगोलीच्या बाजारात टोपल्याला आधी दुप्पट भाव झाला, मग तिप्पट, मग व्यापारी स्वतः माणूस पाठवून विचारायला लागले, पान आहे का हो पान.

आमचा मळा चालू होता. त्याला कारण होतं. माझा सासरा घरजावई म्हणून या गावात आलेला, मळा सासूच्या माहेरचा. आमची भावकी सगळी पूर्णेच्या पलीकडं. गावात कुणीही मेलं तरी आम्हाला सुतक नाही. आणि भावकीतून निरोप घेऊन कुणी आलाच तर सासरा वेशीजवळच त्याला गाठायचा, तोंड उघडायच्या आत म्हणायचा, “काही सांगू नको बाबा, साथ सरल्यावर ये.” मेल्याची बातमी कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही ना, म्हणून. त्या निरोप्यांपैकी एक जण माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या चुलत्याचं सांगायला आला होता, हे आम्हाला आषाढात कळलं.

माझा सासरा वाईट माणूस होता का? होता. उगाच गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची रीत मला जमत नाही. पहाटे अंघोळ करून मळ्यात जायचा, वेलांशी गोड बोलायचा, एकेक पान उलटंपालटं करून बघायचा. आणि परत आल्यावर ओट्यावर बसून कान देऊन ऐकायचा. गावात कुठून रडण्याचा आवाज आला की सासूला हाक मारायचा, “अगं, बघ बरं, कोणाकडलं हाय?” सासू येऊन सांगायची, अमक्याची आई गेली. पानमळेवाला असला तर सासऱ्याच्या तोंडावर जे काही यायचं ते मी बघितलंय. हसू नव्हतं ते. पण आमटीत मीठ बरोबर पडल्यावर माणूस जसा मान हलवतो, तशी तो मान हलवायचा.

मग बाकीचे मळे सगळे बंद झाले. आमचा एकटाच राहिला. सासऱ्यानं घरात सांगून टाकलं, “या आठवड्याचा बाजार बराबर साधला तर दुसरी विहीर पाडतो. तवर या घरात कुणी कुणाच्या दारी जायचं न्हाई. या घरात सुतक येता कामा नये.” सुतक येता कामा नये, असं म्हणाला. माणूस मरता कामा नये, असं नाही म्हणाला. तेव्हा मला त्यातला फरक कळला नाही.

माझी मुलगी मागच्या पावसाळ्यातली. पहिलीच. नाव मी इथं लिहीत नाही, ते माझ्यापाशीच राहू दे. गोरी नव्हती, गुटगुटीत नव्हती, पण हसायची मात्र भारी. आणि साथ ऐन भरात असताना तिला दात आले. खालचे दोन.

ते आधी मला कळलं. चावली ना! दूध पिता पिता असा कडकडून चावा घेतला की मी ओरडलेच. सासू चुलीपासून उठून आली, “काय झालं गं?” मी म्हटलं, “आत्याबाई, चावली ही.” सासूनं तिच्या तोंडात बोट घालून चाचपलं. मग एकदम हसली. आमच्याकडं वरचे दात आधी आले तर मुलाच्या मामाला वाईट म्हणतात. सासू म्हणाली, “खालचे हायत गं, खालचे! तुझ्या भावाला भ्या न्हाई. साथ सरू दे, मंग गूळ वाटू.” साथीमुळं कुणी कुणाच्या घरी येत-जात नव्हतं. म्हणून ते दोन दात बघितलेली माणसं आम्ही चौघंच: मी, सासू, नवरा आणि सासरा. सासऱ्यानंही बघितले. आपलं बोट तिच्या तोंडात दिलं आणि म्हणाला, “आई गं, उंदीर हाय उंदीर.” हे मी मुद्दाम सांगतेय. पुढं लागणार आहे.

बाजाराच्या दोन दिवस आधी सकाळी तिला उलटी झाली. मी लपवली. खरंच लपवली, फडक्यानं पुसून टाकली, म्हटलं दातांमुळं होत असेल. मग हगवण लागली, तांदळाच्या धुवणासारखी. मग काय लपतंय? डोळे आत गेले. रडायचा आवाज येईना, नुसतं तोंड उघडायचं. मी पदरानं पाणी पिळून घालत होते, ते बाहेर येत होतं. सासू देवीपुढं विडा ठेवून आली, आमच्याच मळ्यातला, चांगला मोठ्या पानांचा. ऊन डोक्यावर आलं आणि माझं लेकरू गेलं.

मी हंबरडा फोडणार, तेवढ्यात सासूचा हात माझ्या तोंडावर. मऊ हात नव्हता तो. “गप. गप बस आधी.”

सासरा दारात उभा होता. त्यानं मुलीकडं बघितलं, मग बाहेर मळ्याच्या दिशेला बघितलं. उद्या सकाळी पानं खुडायची होती, खुडणारे गडी शेजारच्या गावाहून येणार होते, परवा बाजार. तो मला काही बोलला नाही, सुनेशी सासरा थेट बोलत नसे. सासूला म्हणाला, “दात न आलेल्या लेकराचं सुतक न्हाई. अंघोळ केली की फिटलं. खरं का न्हाई?”

हे खरंच होतं. आमच्याकडची रीतच ती. दात यायच्या आधी लेकरू गेलं तर घरच्यांनी अंघोळ केली की झालं. दात आले असले तर तीन दिवस. रीत खरी होती, फक्त माझी मुलगी त्यात बसत नव्हती.

मी म्हटलं, “आत्याबाई, दोन दात हायत तिला.”

सासूनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि चिंधीनं लेकराची हनुवटी घट्ट बांधली. मेलेल्याची हनुवटी बांधतातच, मला माहीत आहे. पण अंग गरम असताना, इतक्या घाईनं कुणी बांधत नाही.

नवऱ्यानं तिला उचललं आणि ओढ्याकाठी नेलं. तो एक शब्द बोलला नाही. त्या माणसाबरोबर मी पुढं सगळा जन्म काढला, आणि त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही, हे एकदाही विसरले नाही. आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या. सासू माझ्या डोक्यावर पाणी ओतता ओतता म्हणाली, “रडू नको गं माय. बिनदाताच्या लेकरासाठी लोक एवढं रडत न्हाईत. आवाज गेला की लोक इचार करतेत.”

म्हणजे बघा, मुलगी पण गेली आणि रडणंही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी आले, अंगठ्याला पान खुडायचं लोखंडी नखं अडकवूनच. त्यांच्यात जो म्हातारा होता तो मळ्याच्या फाटकाशी थांबला. चपला काढल्या, पण पाय आत टाकेना. गावात शिरतानाच त्याच्या कानावर आलं होतं. तो म्हणाला, “मालक, लेकरू गेलं म्हणतेत.”

“व्हय,” सासरा म्हणाला. “देवाची मर्जी.”

“दात आले व्हते का?”

मी हातभर अंतरावर उभी होते, डोक्यावर टोपली घेऊन. मलाही आणलं होतं. सासऱ्यानंच सासूला सांगितलं होतं, “तिला बी मळ्यात आण. आईच मळ्यात हाय म्हटल्यावर गड्यांचा इस्वास बसंल.” आई मळ्यात म्हणजे सुतक नाही. असा माझा उपयोग होता.

सासरा म्हणाला, “दात कुठले! कच्चं लेकरू व्हतं.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. सासूनं माझं मनगट धरलं होतं, बांगडी आत रुतेपर्यंत. आणि तसंही, सोळा-सतरा वर्षांची सून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, परक्या गड्यांपुढं सासऱ्याला खोटं पाडणार? अहो, माझ्या तोंडून चार बायकांत मोठ्यानं हाक निघायची नाही. मी खाली बघितलं. म्हातारा ‘बरं’ म्हणाला आणि आत गेला.

दिवसभर मी पानं लावली. लहान वेगळं, मोठं वेगळं, डाग पडलेलं वेगळं. ओल्या फडक्यात गुंडाळायची, केळीचं पान घातलेल्या टोपल्यात रचायची, वरून विहिरीचं पाणी शिंपडायचं. छातीत दूध भरलं होतं. दगडासारखी झाली होती छाती, आणि पाणी शिंपडायला वाकले की दूध गळायचं. चोळी पुढून भिजली. एका गड्यानं बघितलं आणि मान फिरवली. सासू म्हणाली, “पाणी सांडलंय तिच्या अंगावर.” चाव्याची खूण अजून बरी झाली नव्हती. ओली चोळी लागली की चुरचुरायची. मला मनातून बरं वाटायचं. चुरचुरतंय म्हणजे दात होते.

आणि सासऱ्याची हाव बघा. नेहमी वेलाची खालची, तयार झालेली पानं खुडतात, वरचा शेंडा राखतात. त्यावर वेल जगतो. मळ्यातल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. पण त्या दिवशी तो गड्यांच्या मागं फिरून म्हणत होता, “वरची बी घ्या. कोवळी बी घ्या. असा भाव पुन्हा न्हाई यायचा.” संध्याकाळी मी मळ्याकडं वळून बघितलं तर नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

दोन गाड्या भरून हिंगोलीला गेल्या. पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी, तुकड्यातुकड्यानं. शहराच्या तोंडाशीच सरकारी जवान उभे होते. साथ शहरात शिरली होती, बाजार बंद झाला होता आणि गावाकडून येणारा पाणी मारलेला कसलाही ओला माल आत सोडायचा नाही असा हुकूम होता. भाजी नाही, फळ नाही, पान नाही. सासऱ्यानं पागोटं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. म्हणाला, साहेब, सोन्याच्या भावाचा माल आहे. त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि सगळ्या टोपल्या रस्त्याकडेच्या खड्ड्यात ओतायला लावल्या. त्याच्याच हातानं. वरून चुना टाकला. नवरा म्हणाला, त्या दिवशी शहरात आत कुणाकडं जुनी पानं होती, ती एकेक पान मोजून विकली जात होती, इतका भाव चढला होता. आणि आमच्या दोन गाड्यांची किंमत चुन्याएवढीसुद्धा नाही.

साथ पुढं सरली. बाजार उघडला. दुसऱ्यांची सुतकं फिटली, त्यांनी मळे उघडले. जून पानं काढून टाकली, पण त्यांच्या वेलाला शेंडे होते, फूट आली. त्यांना पुढं महिनाभर चढा भाव मिळाला. ज्यांच्या घरात माणसं मेली त्यांना मिळाला, बरं का. आमचे वेल मात्र वैशाखाच्या उन्हात वाळले. आधी गाठी काळ्या पडल्या, मग सगळा वेल सुतळीसारखा झाला. सासऱ्यानं रात्रंदिवस मोट चालवली, पेंड घातली, नवस बोलला. काही नाही.

मग तो रडला. ओट्यावर बसून, छाती बडवून, मोठ्यानं. “माझा मळा गेला गं बाई, लेकरासारखा जपला व्हता!” अगदी हेच शब्द. आणि गाव गोळा झालं. साथीत ज्यांची माणसं गेली होती, तीसुद्धा आली. बायका सासूजवळ बसल्या, पुरुष सासऱ्याजवळ. तो खुडणारा म्हातारा पण आला होता. माझ्या मुलीसाठी त्या घरात एक माणूस आलं नव्हतं, आणि वेलासाठी ओटा भरला. मी पाणी देत फिरत होते. शेजारची एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, “तू बी रड गं लेकी, मन मोकळं व्हतं. मळा म्हंजे घरातलं माणूसच.”

काय झालं मला कोण जाणे. तांब्या खाली ठेवला, पदर मागं सारला आणि म्हटलं, “माझ्या लेकीला दोन दात व्हते. खालचे.”

मी पुन्हा म्हटलं, “दोन व्हते. मामंजींनी बोट घालून बघितले व्हते. उंदीर म्हणाले व्हते तिला.”

सगळ्यांनी सासऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता. आता ह्याला कुणीतरी विचारेल. त्यानं डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलला. “दात व्हते? मला काय ठावं? बाप्या माणूस लेकराच्या तोंडात बघतो व्हय?”

सासू काहीच बोलली नाही. नवरा काहीच बोलला नाही. आणि तो खुडणारा म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, “म्हंजे सुतकात मळा खुडला आमी. मंग वाळंल न्हाई तर काय व्हईल?” आणि माझ्याकडं वळून, “बाई, तू तिथंच तर उभी व्हतीस. तवाच काहून न्हाई बोललीस?”

झालं! मुद्दा तोच ठरला. तवाच काहून न्हाई बोलली. शेंडे खुडल्याचं कुणी बोललं नाही, खोटं कोण बोललं ते कुणी बोललं नाही. आईनं सुतक लपवलं, सुतकाच्या हातांनी पानं लावली, म्हणून मळा गेला. सासरा मान हलवत होता. तीच ती मान, मीठ बरोबर पडल्यावरची.

मग पंचांनी विचार करून सांगितलं की राहिलेलं सुतक पाळून घ्यावं, म्हणजे दोष जाईल. ते मी एकटीनं पाळायचं. मला गोठ्यात बसवलं, तीन दिवस. सासू लांबून भाकरी टाकायची. गोठ्याला रस्त्याच्या अंगाला कूड होता, फटींचा. येणारा-जाणारा दिसायचा, त्याला मी दिसायचे.

आणि मी रडले. देवाशपथ सांगते, अशी रडले की गुरं बावचळली. आता आवाजाची बंदी नव्हती, आता सुतक कायदेशीर होतं. मी तिच्या नावानं रडले, त्या चिंधीनं बांधलेल्या हनुवटीच्या नावानं रडले, छातीवरची खूण बोटानं चाचपत रडले. ती खूण एव्हाना पुसट झाली होती. माझ्या लेकीच्या वाट्याचं सगळं रडणं मी त्या तीन दिवसांत रडून घेतलं.

कुडापाशी बायका थांबायच्या. ओढ्यावर जाता-येता, डोक्यावर घागर. घटकाभर ऐकायच्या, चुकचुकायच्या. एक जण तर फटीतून वाकून चांगल्या मायेनं म्हणाली, “बस कर गं आता. चूक झाली ती झाली. रडून काय वाळलेला वेल परत फुटतो व्हय?”